झाकलेली हाक

लालबागच्या मिरची गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस थाटायचं, तर दोन गोष्टींची तयारी हवी. खालचा मसाला कुटायचा डंक सुरू झाला की टेबलावरचा चहा थरथरतो, आणि मार्च ते मे शिंकत शिंकतच काम करावं लागतं. हितेंद्र घाडी आणि संघर्ष तांबे यांनी सहा वर्षांपूर्वी ती जागा घेतली, तेव्हा हितू म्हणाला होता, "वासाची सवय होते रे. माणसांची होत नाही." तेव्हा दोघंही हसले होते. संघर्षला ते वाक्य पुढे फार वेळा आठवलं.

दोघं परळच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. हितू लालबागच्या मोरजे बिल्डिंगमधला, मालवणकडचा. संघर्ष नायगावच्या बीडीडी चाळीतला. बाप कोंडीराम गिरणीत साचेवाला होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्याने पोराला शिकवलं. बोलण्यात हितू पुढे, कामात संघर्ष. अशी जोडी धंद्याला बरी असते. बिघडलं की मात्र फार वाईट बिघडतं.

त्यांनी केलेल्या वस्तूचं नाव होतं 'हाक'. भिंतीवर लावायची एक पांढरी डबी. चाळीत एखादी म्हातारी सकाळी नळावर दिसली नाही, तर दहा मिनिटांत शेजारीण दार वाजवायची. आता मोरजे बिल्डिंगचं मोरजे हाइट्स झालं, बावीस मजले, आणि दारं बंद. आत कोण पडलंय, कोण उठलंय, कुणाला पत्ता नाही. म्हणून ही डबी रोज संध्याकाळी सातला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारायची. ओ आली तर ठीक. नाही आली, तर शेजारी, वॉचमन, मुलगा, सगळ्यांचे फोन खणखणायचे.

पहिल्या संध्याकाळी त्या डबीने पार शोभा केली. नऊ घरांत नऊ म्हाताऱ्या, डबीने प्रत्येकीला एकेक हाक मारली, आणि एकीनेही ओ दिली नाही. वॉचमन भिवा नऊ वेळा वर पळाला. नऊही घरांत बाया आपल्या टीव्ही बघत बसलेल्या. हितूने कपाळावर हात मारला. संघर्ष मात्र थेट हितूच्या आईकडे, शेवंतीमावशीकडे गेला. चौदाव्या मजल्यावर ती एकटी राहायची. हितू लग्नानंतर वडाळ्याला गेला होता.

"मावशी, डबीने हाक मारली तर ऐकू नाही आली?"

"आयकली ना."

"मग ओ का नाही दिलीस?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं, की इतकं शिकून हा असा कसा. "तिन्हीसांजेक पयल्या हाकेक ओ देव नये, झिला. दुसऱ्याकव नाय. माणूस असलो तर तिसऱ्यांदा हाक मारता. तां मारणा नाय."

'तां' म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. ऑफिसात येऊन त्याने डबीला तीन हाका मारायला शिकवलं, मध्ये एकेक मिनिट थांबायला शिकवलं, आणि आवाज स्वतःचाच भरला, कारण त्या नऊही जणी त्या आवाजाला ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटांनी नऊही घरांतून ओ आली.

हा काही खेळ नव्हता. गेल्या फेब्रुवारीत शेवंतीमावशी मोरीत घसरून पडली. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही, आणि भिवा सातव्या मिनिटाला दार फोडून आत होता. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या रात्री हितू संघर्षच्या गळ्यात पडून रडला होता.

आता पेल्याचं सांगायला हवं.

कॉलेजात असताना संघर्ष पहिल्यांदा मोरजे बिल्डिंगमध्ये चहाला गेला, तेव्हा मावशीने त्याला स्टीलचा एक पेला दिला होता. घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर 'घाडी' असं नाव कोरलेलं. या पेल्यावर काही नाही. चहा पिऊन झाला की तो पेला खिडकीत वेगळा, पालथा. कुणी काही बोलत नव्हतं. संघर्षला कळत होतं, हितूलाही कळत होतं. एकदा त्याच्या हातून तो पडला आणि काठाशी पोचा आला, तेवढीच त्याची खूण. असं दोन वर्षं चाललं. मग हितूचे वडील केईएम हॉस्पिटलात होते, तेव्हा अकरा रात्री संघर्ष त्यांच्या उशाशी बसला. ते गेल्यावर महिन्याभराने भांड्यांवर नावं घालणारा गल्लीत आला. मावशीने तो पोचा आलेला पेला पुढे केला आणि म्हणाली, "घाल. संघर्ष." आणि पेला मांडणीवर ठेवला, सगळ्यांच्या रांगेत. एवढंच. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण त्या दिवसापासून संघर्ष तिला मावशी म्हणायला लागला. आई लहानपणीच गेलेल्या माणसाला एवढं पुष्कळ होतं.

"तू करतंस तरी काय दिसभर?" असं तिने एकदा विचारलं होतं. त्याने तिच्याच चाळीवरून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर चार काकी होत्या. कोणी वाटी घेऊन 'काकी' म्हटलं की साखर देणारी यायची, सुई घेऊन म्हटलं की दुसरी, नुसतं रडत म्हटलं की तिसरी. हाक एकच, पण हातात काय आहे ते बघून योग्य ती बाई ओ द्यायची. आमच्या भाषेत यालाच ओव्हरलोडिंग म्हणतात. कोणी ओ द्यायची ते कंपायलर, म्हणजे आम्ही लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा, तो ठरवतो, प्रोग्राम चालायच्या आधीच. आणि एखाद्या घरात कामं येणाऱ्या तीन काकी बाहेरून आणून ठेवल्या, तर ते मिक्सिन.

"आणि त्या घरात पयलीच एक काकी असली तर?"

मावशी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. नेमक्या गाठीवर तिने बोट ठेवलं होतं.

"तर घरातलीच ओ देते," संघर्ष म्हणाला. "तिला ते काम येवो न येवो. बाहेरून आलेल्या तिघीही झाकल्या जातात. असतात घरातच, पण त्यांच्यापर्यंत हाक पोचत नाही."

"मग त्येंनी काय करूचा?"

"त्यांच्या हातात काही नसतं. घरवाल्याने एक ओळ लिहायला लागते, की याही आमच्याच. मग सगळ्या एका रांगेत येतात."

मावशीने मांडणीकडे पाहिलं. "एकच ओळ," ती म्हणाली, आणि चहा गाळायला उठली.

ती ओळ संघर्षच्या प्रोग्राममध्ये होती. त्याने 'हाक' नावाची तीन फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे तीन तुकडे, लिहिली होती. घर आणि वेळ दिली की तीन हाका मारणारं पहिलं. नाव दिलं की त्या माणसाला फोन जोडणारं दुसरं. आणि काहीच दिलं नाही, नुसती शांतता आली, तर सगळ्यांना पळवणारं तिसरं. मावशी पडली तेव्हा धावलेलं ते हेच. ही तिन्ही त्याच्या मिक्सिनमध्ये होती, आणि प्रत्येक इमारतीच्या फाइलीत त्यांना रांगेत घेणारी ती एक ओळ.

एका मंगळवारी त्याने मोरजे हाइट्सची फाइल सहज उघडली, तर ओळ गेलेली.

तिच्या जागी 'हाक' नावाचंच एक नवं फंक्शन होतं, इमारतीच्या फाइलीतच, घरातल्या काकीसारखं लिहिलेलं. त्याला काहीही द्या, ते घेत होतं. एका निवेदिकेच्या गोड आवाजात एकदा विचारायचं, "आजी, आपण बऱ्या आहात ना?" आणि उत्तराची वाट न बघता 'ठीक' अशी नोंद करून मोकळं व्हायचं. लिहिणारा हितेंद्र. सोमवारी दुपारी चढवलेलं. ओळ काढताना त्याने शेरा मारला होता, 'गरज नाही'. कंपायलर एका शब्दाने कुरकुरला नव्हता. त्याच्या दृष्टीने सगळं कायदेशीर होतं. घरातल्याने ओ दिली होती.

संघर्षने मान वर केली. काचेपलीकडे हितू मोठ्या स्क्रीनवर काहीतरी बसवत होता. शुक्रवारी पुण्याहून कोणी मोठी मंडळी येणार होती. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, 'हाक. संकल्पना आणि निर्मिती: हितेंद्र घाडी.' खाली बारीक अक्षरांत तिघा कर्मचाऱ्यांची नावं. तिसरं नाव त्याचं.

तो आत गेला. "हे काय आहे, हितू?"

"अरे, बस ना. तुला सांगणारच होतो." हितूने नजर स्क्रीनवरच ठेवली. "त्यांना एकच माणूस समोर पाहिजे. दोन संस्थापक म्हटले की ते बिचकतात. कागदाचं काम आहे फक्त."

"आणि माझा आवाज?"

"छान आहे रे आवाज. पण देशभर जायचं म्हणजे जरा प्रोफेशनल पाहिजे ना. आणि त्या तीन तीन हाका, ते आपलं लालबागपुरतं झालं. डेमोला लोक हसतील." मग तो जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला. "तू काय, घरातलाच आहेस. घरातल्या माणसाला नाव कशाला लागतं?"

आता बोलायला हवं होतं. हितूला तो नियम ठाऊक नव्हता हे संघर्षला त्याच क्षणी कळलं. त्याला वाटत होतं, आपण फक्त आवाज बदलला. बाकीची दोन फंक्शनं आहेतच. एका घरच्या फंक्शनने बाहेरची तिन्ही झाकली, आज त्याची आई मोरीत पडली तर डबी गोड आवाजात एकदा विचारेल, 'ठीक' लिहील आणि गप्प बसेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. एक वाक्य पुरेसं होतं. ते संघर्षच्या जिभेवर आलं होतं.

पण खांद्यावरचा तो हात. सहा वर्षांचं काम, त्या अकरा रात्री, आणि वर हे घरातलाच. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापताना वर मायेने बोलायचं. संघर्षने ते वाक्य गिळून टाकलं.

"कंपाइल झालं ना?" तो म्हणाला.

"मस्त झालं. एक एरर नाही."

"मग बरोबरच असेल."

आणि बॅग उचलून घरी गेला. भोगू दे, असं त्याला वाटलं. कुणी भोगायचं, हा विचार त्याने दाराबाहेर ठेवला. पण असा विचार फार वेळ बाहेर बसत नाही. कोंडीरामने ताट वाढलं तेव्हा सात वाजून गेले होते, आणि संघर्ष ताट तसंच ठेवून घड्याळाकडे बघत बसला.

बुधवारी सकाळी त्याने पहिलं काम नोंदी उघडण्याचं केलं. आठ घरांत, अपेक्षेप्रमाणे, एकेक ओळ. सात वाजता हाक, ठीक. नववं घर चौदाशे दोन, शेवंती घाडी.

सात वाजता हाक. सात एकला हाक. सात दोनला हाक. ओ.

त्याने चष्मा पुसला. तीन हाका मारणारं फंक्शन त्याचं होतं, आणि ते झाकलं गेलं होतं. जुनं व्हर्जन राहिलं असेल म्हणून त्याने डबीतला तयार प्रोग्राम उतरवून घेतला आणि उकलून बसला. सोमवारचाच होता. त्याची तिन्ही फंक्शनं त्यात पडून होती, पण त्यांच्याकडे जाणारी एकही वाट नव्हती. भिंती चारी बाजूंनी बांधून काढलेली खोली असावी तशी. आत काही असलं, तरी त्याला कोणी हाक मारणार नव्हतं. खाली डंक चालू झाला, टेबल थरथरायला लागलं, आणि त्याने सोमवारची नोंद उघडली. सोमवारीही तसंच. तीन हाका आणि ओ.

त्याने ती दोनदा वाचली. मग नोंदीत सोमवारी आणि मंगळवारी ओ नंतर आणखी एक ओळ दिसली. अशी ओळ लिहायची सोयच त्याने कधी ठेवली नव्हती. 'दार उघडले.'

गुरुवारी दुपारी तो मोरजे हाइट्सला गेला. मावशी सोलकढीसाठी नारळ खवत होती. दाराशेजारी ती पांढरी डबी, तिच्यावर हिरवा दिवा. त्याला बघून ती नेहमीसारखी हसली नाही. आश्चर्य वाटल्यासारखी बघत राहिली.

"आज दुपारीच?"

"का? कधी यायला हवं होतं?"

"रोज हाकेर येतंस तसो." तिने खवणी थांबवली नाही. "मी ओ देतंय, दार उघडतंय, तू येतंस. बरां वाटता. हितग्याक टाइम नाय. तू बसतंस तरी घटकाभर."

संघर्ष तिच्यासमोर खाली बसला. "मावशी, मी या आठवड्यात आलोच नाही."

"खुळो की काय? काल चाय पिवन गेलंस." तिने हनुवटीने मांडणीकडे दाखवलं. "जरा गप गप असतंस आजकाल, येवढाच."

पेला रांगेत होता. पोचा आलेला काठ भिंतीकडे. संघर्ष उठून जवळ गेला. तो नुकताच विसळलेला होता. बुडाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. 'संघर्ष' हे नाव त्यावर होतं, पण टिंबाटिंबांनी कोरलेली ती अक्षरं पुसट दिसत होती. वीस वर्षं घासून घासून झिजली असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. म्हातारपणी विसरायला होतं, कालचं आणि महिन्यापूर्वीचं एक होतं, असंही सांगितलं.

"मावशी, तो येतो तेव्हा काय बोलतो?"

"तो कोण?"

"मी."

तिने खवलेला नारळ ताटलीत गोळा केला. "माझी चौकशी करतंस. पडूक नाय मां, औषध घेतलंय मां. कोणीतरी इचारूक होया ना, झिला. डबी ती आता माका इचारणा नाय, असा तूच म्हणालंस."

खाली येऊन त्याने भिवाकडे रजिस्टर मागितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, सात वाजून चार मिनिटं, चौदाशे दोन, संघर्ष तांबे. सही त्याचीच. 'घ' ची शेपटी तो उलटी ओढतो, तीही उलटी ओढलेली.

"तू बघितलंस मला, भिवा?"

भिवा ओशाळला. "बघितलं म्हणजे काय साहेब, रोजचे तुम्ही. आवाज ओळखीचा. मी रजिस्टर पुढे करतो." मग थोडं थांबून म्हणाला, "लिफ्ट तेवढी वापरत नाही तुम्ही हल्ली."

त्याने तिथूनच हितूला फोन लावला. हितूने उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला, 'डेमोच्या गडबडीत आहे, उद्या बोलू.' संघर्षला मनातून थोडं बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं. आज सांगायला लागलं असतं, की मंगळवारीच मला माहीत होतं आणि मी मूग गिळून बसलो. डेमो झाला की ओळ गुपचूप परत घालू, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी पाहुणे आले, गेले. हितू त्यांच्याबरोबर जेवायला गेला. साडेसहाला ऑफिसात संघर्ष एकटाच उरला. डंक बंद झाला होता. गल्लीतून भाजलेल्या धण्यांचा वास वर येत होता. त्याने मोरजे हाइट्सची फाइल उघडली आणि काढलेली ओळ परत लिहिली. याही आमच्याच. मग प्रोग्राम बनवायला दिला.

कंपायलर अडला.

'हाक' साठी दोन फंक्शनं सारखीच जुळतात, कोणतं घ्यायचं ठरवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. असं होतं कधीकधी. हितूचं आणि आपलं भिडलं असेल, म्हणून संघर्षने पुढचं वाचलं. त्यात हितूच्या फंक्शनचं नावच नव्हतं. दोन्ही त्याच्या मिक्सिनमधली होती. एक अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर. दुसरं दोनशे एक्केचाळीसाव्या.

त्याने मिक्सिनची फाइल उघडली. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर तीन हाका मारणारं त्याचं फंक्शन होतं. फाइल दोनशे बाराव्या ओळीला संपत होती.

तो कर्सर खाली खाली नेत राहिला. दोनशे बाराच्या खाली काही नव्हतं. त्याने परत बनवायला दिला. तीच चूक, पण आता आकडा दोनशे सत्तेचाळीस. खालचं फंक्शन सहा ओळींनी सरकलं होतं. वर कोणीतरी काहीतरी लिहीत होतं.

सात वाजायला बारा मिनिटं होती. संघर्ष जिन्याकडे पळाला.

मिरची गल्ली ते मोरजे हाइट्स आठ मिनिटांची वाट. पळता पळता त्याने हितूला फोन लावला. या वेळी उचलला.

"हितू, ऐक. त्या ओळीचं मला मंगळवारीच कळलं होतं. मी बोललो नाही. चूक झाली माझी. आईकडे जा, आत्ता, लगेच."

"अरे, किती वेळा सांगशील?" हितू हसत होता. मागे ताटांचा आवाज येत होता. "आत्ता तर फोन केलास ना, की आई ठीक आहे, मी निघालोय तिच्याकडे. सॉरीही म्हणालास. सोड ना यार. मीच चुकलो नावाच्या बाबतीत. तुझं नाव उद्या टाकतो वर."

फोन बंद झाला.

गेटवर भिवाने हात आडवा केला. "कुठे जायचंय?"

"भिवा, मी आहे."

भिवाने त्याच्याकडे नीट पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, अदबीने. "चौदाशे दोनला संघर्ष साहेब गेलेत आत्ताच. आपण कोण?"

संघर्षने त्याचा हात झटकला आणि लिफ्ट गाठली.

चौदाव्या मजल्यावर पॅसेजचा दिवा लागलेला होता. कुणाच्यातरी घरून उदबत्तीचा वास येत होता. चौदाशे दोनचं दार बंद. त्याने बेल दाबली. बेल वाजली नाही.

सात वाजले आणि आतून आवाज आला. "मावशी."

त्याचाच आवाज. त्याने भरलेला नव्हे. भरलेल्या आवाजामागे डंकाची बारीक धडधड होती, ती यात नव्हती.

मावशी गप्प. पहिल्या हाकेला ती ओ देणार नव्हती.

मिनिट गेलं. "मावशी."

"मावशी, ओ देऊ नको," संघर्ष ओरडला. दारावर दोन्ही हातांनी मारलं. "मी इथे बाहेर आहे."

"मावशी."

"ओ," ती आतून म्हणाली. "इलंस? बस. चाय टाकतंय."

तो मारतच राहिला. अखेर चपला घासत ती दारापाशी आली. मधे फक्त लाकूड होतं. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"कोण ता?"

"संघर्ष."

"संघर्ष घरात आसा."

"मावशी, तो मी नाही. मी चुकलो, मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं. दार उघड."

ती हळू आवाजात, तिन्हीसांजेला अनोळख्याशी बोलतात तशी, म्हणाली, "माणूस असशील तर तीनदा हाक मार."

एवढंच ना. त्याने श्वास घेतला.

"मावशी," तो म्हणाला.

थांबला.

"मावशी."

ती कान देऊन ऐकत होती. त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ओठ हलले. छातीतून हवा गेली. काही आलं नाही. त्याने पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि काही आलं नाही.

"मावशी," आतून कोणीतरी म्हणालं, सावकाश, मायेने. "चल. चहा उतू जाईल."

"ओ," ती म्हणाली. चपला परत आत गेल्या. कडी लावल्याचा आवाज झाला.

संघर्ष दाराला टेकून खाली बसला. आत चहा गाळल्याचा आवाज आला, मग दोन पेले ताटलीत ठेवल्याचा. मावशी काहीतरी बोलून हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकी हसली नव्हती.

मग त्याला ते दिसलं. दारालगत, चपलांच्या रॅकशेजारी, लादीवर स्टीलचा एक पेला वेगळा ठेवला होता, पालथा. त्याने तो उचलला. कोरडा होता. काठाशी तो पोचा होता, बोट नेमकं बसेल असा. संघर्षने तो दिव्याखाली धरला आणि नाव असायचं त्या जागेवरून अंगठा फिरवला. स्टील गुळगुळीत होतं.